दुसरी सही

गजभिये साहेब माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या गाडीला करतात. म्हणजे हात वगैरे जोडत नाहीत. पण तुम्ही मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत शिरलात की ते फाटक उघडून बाहेर येतात, तुमच्याकडे ढुंकूनही न बघता गाडीभोवती एक फेरी मारतात, टायर दाबतात, साखळी हलवून बघतात, टाकीखाली नाक नेऊन दोन लांब श्वास घेतात, आणि मग कंबर सरळ करत म्हणतात, "हं. या. कसे आहात?"

तोवर तुम्ही कसे आहात हे तुम्हीही विसरलेले असता. माझा मेहुणा सांगलीहून आला होता, तो स्टेशनवरून टॅक्सीने आला. त्याच्याशी काय बोलावं हे गजभिये साहेबांना दोन दिवस सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला त्याच्या सांगलीतल्या स्कूटरबद्दल विचारलं आणि मग मात्र दीड तास सोडलं नाही.

साहेब हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे. सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांत गेली. शेवटची बदली लखनौला झाली, महानगर नावाच्या वस्तीत तळमजल्याचं छोटं घर मिळालं, आणि ते इथलेच झाले. एकुलती एक मुलगी पुण्याला. फोनवर बाप मराठीत विचारतो, लेक हिंदीत उत्तर देते, आणि त्यात काही वेगळं आहे असं दोघांनाही वाटत नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. सरकारी खात्यातली बदली, मुलीची शाळा, त्यामुळे बायको-मुलगी सांगलीत आणि मी इथे. माझ्याबरोबर आली ती फक्त माझी एकोणीस वर्षांची मोटारसायकल, मालगाडीतून, गोणपाटात गुंडाळून. गल्लीत नवा मराठी माणूस आलाय हे साहेबांना कळलं होतं, पण ते मला भेटायला आले ते गाडीचं गोणपाट सोडल्यावर.

"हिला कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"बघतं म्हणजे?"

"मेन्टेनन्स."

"बंद पडली की मेकॅनिककडे नेतो."

मेल्यावर डॉक्टर बोलावतो, असं मी म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मानेसाहेब," ते म्हणाले, "वर गेल्यावर गाडी साइडला घेता येत नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. विमानाबद्दलचं आहे, पण ते सगळ्यालाच लावतात. गॅसच्या शेगडीला, पंख्याच्या हुकाला, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांना. मी त्या दिवशी नवखा होतो म्हणून बोलून गेलो, "साहेब, माझी मोटारसायकल वर जाणार नाही."

"पेट्रोल गळत असलं की जाते," ते म्हणाले. "तुम्हाला घेऊन जाते."

त्यांच्या व्हरांड्यात भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू ड्रायव्हरची आकृती लाल रंगाने काढलेली, आणि त्या त्या आकृतीवर तेच हत्यार टांगलेलं. काम सुरू करण्यापूर्वी हत्यारं मोजायची, काम संपल्यावर पुन्हा मोजायची. एक जरी लाल आकृती उघडी दिसली तरी गाडी हलायची नाही. विमानात पाना राहिला तर काय होतं हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मला विमानात बसल्यावर झोप येत नाही.

एकदा दहा नंबरचा पाना हरवला. त्या सकाळी साहेबांनी चार गाड्यांना हात लावला होता. चारही गाड्या त्यांनी जागच्या जागी रोखल्या. त्यातली एक वकील तिवारीजींची.

"अरे भाईसाहब, मेरी तारीख है आज!" तिवारीजी काळा कोट घालून फाटकात नाचत होते.

"पाना नहीं मिला, गाड़ी नहीं हिलेगी."

"मुवक्किल जेल चला जाएगा!"

"जेल से वापस आ सकता है," साहेब म्हणाले. "ऊपर से नहीं आता कोई."

पाऊण तास शोधाशोध झाली. पाना शेवटी भेंडीच्या पिशवीत सापडला. भाजीवाल्याशी घासाघीस करताना साहेबांनीच तो हातातून पिशवीत ठेवला होता. त्यांनी तिवारीजींची रीतसर माफी मागितली, फळ्यावर पाना टांगला, आणि व्हरांड्यातल्या वहीत लिहून ठेवलं की चूक स्वतःची. तिवारीजी ऑटोने गेले होते, त्यामुळे माफी त्यांच्या स्कूटरला मिळाली.

या वहीबद्दल सांगायला हवं. जाड पुठ्ठ्याची वही. गल्लीतल्या प्रत्येक गाडीला एक पान. कोणतं काम केलं ते लिहायचं आणि खाली दोन सह्या. पहिली काम करणाऱ्याची. दुसरी तपासणाऱ्याची. आणि हा साहेबांच्या धर्मातला पहिला नियम: जो काम करतो, तो तपासत नाही. आपल्या हातचं काम आपल्या डोळ्यांना नेहमी बरोबरच दिसतं, म्हणून दुसरा माणूस हवा. तो बघत असताना पहिल्याने दहा पावलं लांब जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. नुसतं तोंड बघूनसुद्धा तपासणाऱ्यावर दबाव येतो म्हणे.

दुसरी सही मंदाकाकूंची.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. काम झालं. साहेबांनी हाक दिली, "इन्स्पेक्टर साहेब!" आणि आतून काकू पदराला कणकेचे हात पुसत आल्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्मा कपाळावर. साहेब मोजून दहा पावलं चालत गेले आणि सदाफुलीच्या कुंडीकडे तोंड करून उभे राहिले. काकू गाडीजवळ उकिडव्या बसल्या. पेट्रोलच्या पाइपवरून वरपासून खालपर्यंत एक बोट फिरवलं. पांढऱ्या फडक्याने जोड पुसून फडकं उजेडात धरलं. मग डोळे मिटून नाक जवळ नेलं आणि एवढा लांब श्वास घेतला की मला वाटलं आता टाकी रिकामी होते. मग उठल्या आणि वहीत सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली: मं. दौ. गजभिये.

"ठीक आहे जी," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे साहेब वळले.

"काकू नापास करतात कधी?" मी विचारलं.

"तीनदा केलंय मला," साहेब अभिमानाने म्हणाले. "तीनही वेळा बरोबर होती."

रविवारी मला त्यांच्याकडे जेवायला असतं. एकटा माणूस, खानावळीत मरतो, असं काकूंनी ठरवून टाकलंय. माझ्या आईच्या हाताला नव्हती ती चव त्यांच्या हाताला होती, असं मी पहिल्या वर्षी सांगलीला फोनवर सांगितलं, आणि दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. पण पुढे पुढे काकूंचं काहीतरी बिघडायला लागलं. कधी फोडणी करपलेली, कधी वरणात हिंगच हिंग. मी मनात म्हटलं, वय झालं. यंदा बुद्धपौर्णिमेला त्यांनी गल्लीभर वाटायला पातेलंभर खीर केली, ती तळाला लागली. तीही थोडीथोडकी नाही. पहिल्या चमच्यालाच धुरकट वास आला. तिवारीजींनी वाटी हळूच कठड्यावर ठेवली. आणि साहेब, जे चहात साखर अर्धा चमचा जास्त झाली तर कप परत पाठवतात, त्यांनी ती खीर दोन वाट्या खाल्ली. वर तिसरी मागितली.

"बरी झाली ना?" काकूंनी विचारलं.

"फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले.

निवृत्तीनंतर माणूस मवाळ होतो, असा मी त्यातून निष्कर्ष काढला. माझे निष्कर्ष बहुतेक असेच असतात.

दशहरी आंब्याचे दिवस आले. लखनौजवळ मलिहाबादला माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आमराई आहे. तो म्हणाला, रविवारी दुपारी या, ताजी तोडणी आहे, पेटी भरून देतो. सोमवारी सकाळी ओळखीचं एक कुटुंब रेल्वेने सांगलीकडे निघणार होतं. पेटी त्यांच्याबरोबर गेली असती. दहावीचा निकाल चांगला लागला होता आणि मुलीला मी अजून साधा पेढा दिला नव्हता. तेव्हा पेटी जायलाच हवी होती.

आणि रविवारी सकाळी गाडीखाली फरशीवर पेट्रोलचा डाग.

साहेब माझ्या आधीच तिथे होते. गुडघे टेकून, जमिनीला गाल लावून. "लीक," ते म्हणाले, एखादा नातेवाईक गेल्याची बातमी देतात त्या आवाजात. "किल्लीला हात लावू नका. मोबाइल घरात. घड्याळ काढा."

"घड्याळ?"

"काढा."

मग सगळं यथासांग झालं. वाळूची बादली आली. हत्यारं मोजली गेली. टाकीखालचा कॉक बंद करून त्यांनी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप काढला. त्याच्या वरच्या टोकाला, जिथे क्लिप आवळलेली असते तिथे, केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. तो पाइप साहेबांनी माझ्या डोळ्यांपुढे वाकवून दाखवला. मग आतून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात टाल्कम पावडर लावून, वेटोळं करून ठेवलेला काळा रबरी पाइप होता.

"असा पाइप आता मिळत नाही," ते म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी इथल्या निशातगंजमधून घेतला होता. बाजारातला तो शेवटचा चांगला माल. खास माणसांनाच लावतो."

मला गहिवरून आलं. त्यांनी नवा पाइप हवा त्याहून दोन बोटं जास्त लांब कापला, वळसा देऊन बसवला, दोन्हीकडे क्लिपा चढवल्या, कॉक पुन्हा उघडला. "इन्स्पेक्टर साहेब!"

काकू आल्या. दहा पावलं, सदाफुली. बोट, फडकं, नाक. लांब श्वास. सही.

"ठीक आहे जी."

"मग मी तीनला निघतो," मी म्हणालो.

"उद्या सकाळी," साहेब म्हणाले. हाही त्यांचा एक नियम. अलीकडचा, दोनेक वर्षांपूर्वीचा. काम झालेली गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी सहानंतर न्यायची. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"उद्या कशी? पेटी आजच आणायला हवी. सोमवारी सकाळी ते लोक निघणार."

"उद्या सकाळी, मानेसाहेब."

"पण काकूंची सही झाली ना?" मी म्हणालो. "तपासणी पास. मग अडचण काय?"

काकू दारातच होत्या. त्याही म्हणाल्या, "हो ना जी. मी बघतलं ना आता. काहून अडवता पोराला?"

गजभिये साहेबांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. चौतीस वर्षं विंग कमांडरांशी वाद घालणारा हा माणूस, त्याने आतून स्वतःचं हेल्मेट आणलं. शेवटी ते म्हणाले, "मी पण येतो."

"कुठे?"

"मलिहाबादला. आंबे खाऊन बरेच दिवस झाले."

आंब्याने त्यांना पित्त होतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण वाद घालायला वेळ नव्हता.

जूनच्या दुपारी तीन वाजता, लखनौच्या त्या भट्टीत, मी आणि माझ्यामागे गजभिये साहेब असे निघालो. पाठीला हत्यारांची कॅनव्हासची पिशवी. हेल्मेटची काच वर. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की साहेब सरळ बसलेले नाहीत. ते डावीकडे एवढे वाकले होते की त्यांचं नाक माझ्या गुडघ्याशी होतं. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. बाजूने जाणाऱ्या ई-रिक्षातली एक बाई ओरडली, "भैया, अंकल को उल्टी आ रही है, रोक लो!"

"साइडला घ्या," मागून आवाज आला.

घेतली. उतरले, वास घेतला, पाइपला बोट लावलं. "चला."

दोन किलोमीटरवर पुन्हा, "साइडला घ्या." दुबग्ग्याला भाजी मंडईपाशी पुन्हा. तिथे सडक्या कोबीच्या वासात त्यांना काहीच कळेना, तेव्हा गाडी शंभर पावलं ढकलत नेऊन मग वास घेतला. मी घामाने निथळत होतो आणि मनात येईल ते बोलत होतो. काकूंनी पास केलेली गाडी पुन्हा पुन्हा तपासण्यात काय अर्थ आहे, असंही एकदा मोठ्याने म्हणालो. साहेब पुन्हा मागे बसले आणि डावीकडे वाकले.

काकोरीच्या पुढे मात्र त्यांनी सांगण्याआधीच मला कळलं. माझा डावा बूट थंड लागला. जूनमध्ये लखनौत थंड काही लागलं तर घाबरावं.

"बंद करा!" साहेब ओरडले. "इंजिन बंद! उतरा!"

उतरलो. त्यांनी कॉक बंद केला, मला पंधरा पावलं लांब पिटाळलं, इंजिन निवेपर्यंत थांबले. मग गाडी ढकलत रस्त्याकडेच्या आंब्याच्या सावलीत नेली. तो खास माणसांसाठीचा पाइप कॉकपाशी उभा चिरला होता. साहेबांनी तो बोटांत चोळला, तर रबर काजळीसारखं हाताला लागलं.

"जुनं रबर," ते स्वतःशीच म्हणाले. "आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, जुन्या रबराला नाही सोसत. वर हे ऊन. मला माहीत होतं हे. सगळ्या गल्लीला सांगतो मी." मग ती काळी बोटं त्यांनी उजेडात धरली. "माझा माल म्हणून वय नाही बघितलं."

चिरलेला तुकडा त्यांनी ब्लेडने कापून टाकला. जास्त ठेवलेली दोन बोटं आता कामाला आली. पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली. "घरापर्यंत जाईल. मग आजच्या काळातला नवा लावू."

मला आंबे दिसत होते, घड्याळ दिसत होतं. त्या चिडचिडीत मी बोलून गेलो, "पण काकूंनी सही कशी केली मग? एवढा वास घेतात!"

साहेब हत्यारं मोजत होते. मोजून झाली. पिशवीचं बक्कल लावलं.

"तिला वास येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, त्यानंतर."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग करपलेली फोडणी आठवली, हिंग आठवलं, बुद्धपौर्णिमेची खीर आठवली.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"नाही. तिने नाही सांगितलं. मग मी कसं सांगणार?"

आंब्याखाली गार नव्हतं, पण ऊन नव्हतं. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि पाइपाकडे बघत बोलले. माझ्याकडे बघत नव्हते. मंदा एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये आली, ते सांगत होते. सातवी पास. हिंदी येत नव्हतं. बाकीच्यांच्या बायका तिला काही विचारायच्या, तर ही मान खाली घालून घरात. आठवडा आठवडा बाहेर निघायची नाही. "मी नवी मोटारसायकल घेतली होती. रविवारी पाइप बदलला, आणि तपासायला दुसरा माणूस मिळेना, शेजारचा ड्यूटीवर. नियम म्हणजे नियम. मी तिलाच म्हटलं, ये, बघ. ती बसली, वास घेतला, आणि म्हणाली, इथून येते वास. मी म्हटलं शक्यच नाही, मी ट्रेन्ड माणूस. खोलून बघितलं, तर लीक होतं."

"दुसऱ्या दिवशी मी सगळ्या सेक्शनला सांगितलं," साहेब म्हणाले. "संध्याकाळी आमचा फ्लाइट सार्जंट स्वतःची स्कूटर घेऊन आला. मंदाला म्हणाला, मॅडम, ज़रा देख लीजिए. तेव्हापासून ती बाहेर निघायला लागली. वर्तमानपत्राच्या कडांवर महिनाभर सही घोटली तिने."

"पण साहेब, हे धोक्याचं आहे," मी म्हणालो. "गल्लीतल्या एवढ्या गाड्या..."

"म्हणून तर रात्रभर उभ्या ठेवतो." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "साडेपाचला, ती उठायच्या आत, मी सगळ्या परत बघतो. स्वतःचं काम स्वतः. गुन्हा आहे तो. सर्व्हिसमध्ये असतो तर चार्जशीट झालं असतं. पण दोन वर्षांत एक गाडी लीक घेऊन बाहेर नाही गेली, मानेसाहेब. आजची पहिली."

आणि आजची गेली ती माझ्यामुळे. काकूंच्या देखत माझं तोंड बंद करता येईना म्हणून हा सत्तरीचा माणूस बेचाळीस डिग्रीत माझ्या गुडघ्याशी नाक लावून वीस किलोमीटर आला होता. मला माझीच लाज वाटली.

"आता तुम्ही बघा," ते उठत म्हणाले.

"मी?"

"मग कोण? काम मी केलंय."

त्यांनी कॉक उघडला आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. मोजून दहा पावलं. आणि भर हरदोई रोडवर, ट्रकांच्या धुळीत, पाठ करून उभे राहिले. मी उकिडवा बसलो. बोट फिरवलं, रुमालाने जोड पुसला, नाक नेलं. आयुष्यात कुठल्याही गोष्टीकडे मी इतकं नीट लक्ष दिलं नसेल.

"घाई नको," लांबून आवाज आला.

"ठीक आहे," मी ओरडलो.

आमराईत पोचलो तेव्हा तोडणी संपत आली होती, पण पेटी मिळाली. साहेबांनी आंब्याला हात लावला नाही. परतीच्या वाटेवर ते सरळ बसले होते, पेटी दोघांच्या मध्ये. मी दर पाच किलोमीटरवर न सांगता गाडी साइडला घेत होतो.

"वहीत काय लिहिणार?" मी एका थांब्यावर विचारलं. वहीत खोटं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं आणि खरं लिहिलं तर काकू वाचणार होत्या. साहेबांनी वाकून पाइपला बोट लावलं.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू फाटकात उभ्या. बहुतेक बऱ्याच वेळच्या.

"इतका उशीर? गाडी तर नाही ना बिघडली?" त्यांनी विचारलं आणि त्यांचा हात नकळत पदराच्या टोकाशी गेला. "गळली काय जी? मी बघतलं होतं नीट."

पाना भेंडीच्या पिशवीत ठेवला म्हणून वहीत स्वतःची चूक लिहिणारा तो माणूस. मी पेटी हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"एक थेंब नाही," गजभिये साहेब म्हणाले.

"खरं?"

"विचार मानेसाहेबांना. एक थेंब नाही पडला वाटेत."

मीही मान हलवली. काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहून सांगता येणार नाही. त्या एकदम उंच झाल्यासारख्या वाटल्या.

"मग!" त्या म्हणाल्या. "सही कोणाची होती?"

"तेच तर मी ह्यांना वाटेभर सांगत होतो," साहेब म्हणाले.

काकू हसल्या. पेटीचं झाकण उचलून त्यांनी एक दशहरी काढला आणि नाकाशी धरला, सगळे धरतात तसा. क्षणभरच. मग खाली घेतला. "चांगला आहे वास," त्या म्हणाल्या.

"फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. मनगटापर्यंत रबराची काजळी होती, माझ्या बाजूने मला दिसत होती. काकूंच्या बाजूने दिसत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या आत वळल्या आणि आतूनच त्यांचा आवाज आला.

"साबण काढून ठेवते मोरीत. हात धुऊन या आधी, मग बसा जेवायला."